चिंचोळीवरचा बर्फ

"पान उघडत नाहीये, हे मी कालपासून सांगतेय," तूला हौताला नावाची बाई फोनवर वेबसाइट सांभाळणाऱ्या कंपनीच्या माणसाला म्हणाली. "आणि तुम्ही कालपासून मला थांबायला सांगताय."

तिच्यासमोर लॅपटॉप होता. स्नोमोबाइल क्लबचं पान जिथे दिसायला हवं, तिथे ब्राउझरने लालभडक पाटी लावली होती. सरोवरावरच्या बर्फाची खबर देणारं ते पान तूला चालवायची. हिवाळाभर तिचा नवरा एरो रोज सकाळी गिरमिट घेऊन सरोवरावर जायचा, ठिकठिकाणी भोकं पाडून बर्फाची जाडी मोजायचा. घरी येऊन तो आकडे सांगायचा, ती ते पानावर चढवायची. स्नोमोबाइलवाले, म्हणजे बर्फावरून धावणाऱ्या गाड्यांवर बसणारे, ते वाचूनच बर्फावर पाऊल टाकतात, याचा तिला अभिमान होता.

आज एरोने सरोवरावरूनच फोन केला होता. दोन सरोवरं जिथे जोडली जातात त्या अरुंद पट्ट्यात, चिंचोळीत, त्याने गिरमिट टेकवलं आणि लगेच पाणी वर आलं. गेल्या आठवड्यातल्या उबेने आणि खालच्या प्रवाहाने बर्फ आतून पोखरला होता.

"चिंचोळी बंद, असं टाक पानावर," तो म्हणाला. "या बाजूला मी फांद्या आडव्या टाकतोय. पलीकडे जायची माझी छाती नाही."

पलीकडच्या काठावरून शहरातली माणसं बर्फावर उतरायची, आणि आज शनिवार होता. क्लबातल्या सगळ्यांना तूलाने फोन केले, पण त्या काठाजवळ कुणीच नव्हतं. पोलिसांची गाडी महामार्गावरच्या अपघातात अडकली होती. गावच्या रेडिओवर सुट्टीच्या दिवशी नुसती गाणी लागायची. उरलं ते पान.

फोनवर होस्टिंग कंपनीचा रेजान होता, दूरच्या मंक्टन शहरातून बोलणारा. आवाजावरून पोरसवदा वाटत होता, पण चिकाटीचा.

"असं बघा मॅडम. डोमेन म्हणजे तुमचा पत्ता. होस्टिंग म्हणजे त्या पत्त्यावर आमच्याकडे भाड्याने घेतलेली खोली. त्या खोलीत कुणीतरी घुसलंय आणि बनावट औषधांचं दुकान मांडून बसलंय. म्हणून ब्राउझर येणाऱ्याला दारातच अडवतोय."

"मग घुसलेल्याला हाकला. भाडेकरूला का बाहेर काढलंत?"

"सध्या तुम्ही कोण आणि तो कोण, हे आमच्या यंत्राला कळत नाहीये. त्याच्याकडेही तुमचाच पासवर्ड आहे. काय होता हो पासवर्ड?"

तूलाने आवाज खाली आणला. "क्लबचं नाव. लक्षात राहावं म्हणून."

"त्याच्याही लक्षात राहिला, मॅडम."

एरवी ती हसली असती. आत्ता तिला एकच कळत होतं. जो कुणी आज पाण्यात जाईल, तो तिच्या आळसापायी जाईल. पासवर्ड बदला, असं क्लबातल्या किती जणांनी सांगितलं होतं, आणि ती प्रत्येकाला म्हणाली होती, आमच्या बर्फाचे आकडे कोण चोरणार?

रेजानने खोली झाडली. नवा पासवर्ड दिला, लांबलचक, वेडावाकडा. तिने तो दोनदा चुकवला, तिसऱ्यांदा आत शिरली आणि टाकलं : चिंचोळी बंद. मग पान उघडून पाहिलं. लाल पाटी जागच्या जागी.

"अजून तेच दिसतंय."

"पाटी आमची नाही, ब्राउझरवाल्यांची. आम्ही त्यांना कळवलंय. ते तपासतील आणि काढतील. एखाददुसरा दिवस लागतो."

"रेजान, बाळा," तूला म्हणाली, "मी लिहिलंय आणि ते कुणाला वाचता येत नाहीये. बर्फ एखाददुसरा दिवस थांबणार आहे का?"

मग तो हळूच म्हणाला, "तिथे गाडीने जाता येत नाही का?"

तिने फोन ठेवला आणि पिकअपची किल्ली उचलली. सरोवराला वळसा घालणारा रस्ता लांब होता, शिवाय गोठलेला. हे सकाळीच करायला हवं होतं. त्याऐवजी ती खुर्चीत बसून एका लाल पाटीशी भांडत राहिली. वाटेभर ती स्वतःला शिव्या घालत होती.

पलीकडच्या काठावर स्नोमोबाइल वाहून आणायचा एक ट्रेलर उभा होता. रिकामा. तिने पिकअप तशीच सोडली आणि उतारावरून धावत सुटली.

स्नोमोबाइली काठाच्या अलीकडेच उभ्या होत्या, इंजिनं बंद. एक माणूस आणि त्याच्या दोन मुली ओंडक्यावर बसून थर्मासमधलं चिली, राजमा-मटणाचं गरम कालवण, खात होते. तूलाच्या तोंडून धड शब्द फुटेना.

"पुढे जाऊ नका. चिंचोळीत—"

"नाही जात," माणूस म्हणाला. त्याने तिला बसायला जागा करून दिली. "बसा. दम खा आधी."

"मी क्लबची. ते पान मी चालवते. ते बंद पडलंय, म्हणून मला यावं लागलं."

"बंद कुठे पडलंय?"

त्याने फोन तिच्यापुढे धरला. लाल पाटीवर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं : पुढे धोका आहे. खाली एक बटण : सुरक्षित जागी परत फिरा.

"असं सरळ लिहीत जा, बाई," तो म्हणाला. "ते जाडीचे आकडे असायचे ना, ते आम्ही कधी वाचलेच नाहीत. खुशाल जायचो."