श्वास रोखा

जपानमधल्या नारा शहरातल्या एका इस्पितळात सोगोच्या गळ्यात मेलेल्या कुणाची तरी श्वासनलिका बसवली होती. ती मऊ पडत चालली, दर श्वासाला आतून चिकटू लागली, तेव्हा डॉक्टर इमाझेकींनी शेवटचा उपाय केला. नळीला ताठ ठेवणारी कूर्चा पुन्हा वाढवणाऱ्या औषधात भिजवलेला पातळ पापुद्रा त्यांनी तिच्याभोवती गुंडाळला. हेही फसलं, तर पुढे काही उरलं नव्हतं.

आज डॉक्टर हसतच आले. त्यांनी गळ्यावर बोटं टेकवली. "कूर्चा धरतेय. जरा श्वास रोखा बघू."

"इतके दिवस घ्या घ्या म्हणून मागे लागलात," सोगो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आणि आता रोखा?" तरी त्याने ओठ मिटले. छाती थांबली.

श्वासाचा आवाज मात्र चालूच राहिला. सावकाश आत, सावकाश बाहेर.

डॉक्टरांनी मान वर केली. "कोण एवढ्या जोरात श्वास घेतंय?"

"मीच," सोगोची बायको कानाए पटकन म्हणाली. "जिने चढून आले ना!"

आवाज सोगोच्या गळ्यातून येतोय हे खरं सांगितलं असतं, तर त्यांनी ती नळी काढली असती. मग तिच्या जागी काय बसवणार होते?

डॉक्टर गेले, सोगोला डुलकी लागली. पेजेचा वाडगा बाजूला सारून कानाए त्याच्या गळ्याशी वाकली. छाती एका लयीत हलत होती, आवाज दुसऱ्याच.

"तुम्ही जे कुणी असाल," ती कुजबुजली, "राहा हवं तर इथेच. पण यांना श्वास घेऊ द्या. हात जोडते."

आवाज थबकला, कुणी कान देऊन ऐकावं तसा.

मग सोगोची छातीही थांबली.