स्पीकरवर

दातांच्या दवाखान्यात निवृत्त मुख्याध्यापिका सुजलेला गाल धरून बसल्या होत्या. शेजारची तरुणी स्पीकर लावून बहिणीशी मोठमोठ्याने बोलत होती. मुख्याध्यापिकांचा पारा चढला. हिला चांगलं सुनावायचंच, म्हणून त्या खाकरल्या, इतक्यात फोनमधून आवाज आला, "ताई, फोन स्पीकरवर नाही ना?"

"छे गं!"

"मग ऐक. काल त्याने मला लग्नाचं विचारलं. तेही आईसमोर!"

सगळा दवाखाना चिडीचूप झाला.

"अगं बाई! मग तू काय म्हणालीस?"

नेमकी तेव्हाच नर्सने दारातून हाक मारली, "मॅडम, चला, तुमचा नंबर आला."

"हळू बोला हो!" मुख्याध्यापिका तिच्यावरच डाफरल्या. "आधी या काकांना घ्या."

काका खुर्चीत आणखी रेलून बसले. "छे छे, मला कसली आलीय घाई?"