मागच्या चाकांची पकड

"हिचं मागचं अंगच ऐकत नाही रे," भावोजी म्हणाले. "वळणातून बाहेर पडताना जरा जोर दिला की शेपूट फेकते. असं घसरत राहिली तर शर्यतीत डोंगर कसा चढणार?"

मेकॅनिकने टेबलावरचे फडके उचलले. एका बाजूला सांध्यात बसवायचे चार कडक बुश ठेवले होते, दुसऱ्या बाजूला लाल रंगाचे दोन नवे आर्म. मागच्या ॲक्सलला गाडीशी बांधून ठेवणारे जाड दांडे. स्प्रिंगा उन्हाळ्यात बदलून झाल्या होत्या, शॉक ॲब्सॉर्बर त्यानंतर.

"बुश घेतले तर जुनेच आर्म राहतील, फक्त आतलं रबर काढून हे बसवायचं. एका आर्मचं रबर मी जाळून काढलंही," तो म्हणाला. "आणि हे लाल अख्खे नवे. सोबत ब्रॅकेट येतात, त्याने आर्मचं मागचं टोक खाली जातं. ॲक्सिलरेटर दिलात की चाक फिरत बसण्याऐवजी जमिनीवर दाबलं जातं. आवाज मात्र करतील."

"करू देत. घरी सवय आहे."

मेकॅनिकची ताई स्टुलावर बसली होती. एरवी तिने या बोलण्याची सव्याज परतफेड केली असती. आज ती भावाकडे बघत होती. बोल, असं तिचे डोळे म्हणत होते.

भावोजींनी एक लाल आर्म उचलला, उजेडात धरला, बोटाने त्याचा जोड चाचपला. सोन्याचा दागिना पारखावा तसा. बोलता बोलता त्यांनी उजवा पाय खाली पडलेल्या जुन्या आर्मवर टेकवला.

"हे वजनाला हलके आहेत. वेल्डिंगही स्वच्छ. कोणी बनवले रे?"

मेकॅनिकला आधी वास आला. रबर जाळलेला आर्म अजून निवला नव्हता. भावोजींच्या बुटाखालून बारीक धूर निघत होता. शर्यतीचे बूट ते. पायाला पॅडल कळावं म्हणून तळवा कागदासारखा पातळ.

"स्टीलही चांगलं वाटतंय," भावोजी म्हणाले.

"अहो, पाय!" ताई ओरडली. तिने धावत येऊन त्यांची मांडी दोन्ही हातांनी ओढली. भावोजी टेबलाला धरून सावरले आणि तिच्याकडे चिडून बघू लागले. मग त्यांनी खाली बघितलं.

बुटाचा तळवा आर्मला चिकटून लांबला होता. मेकॅनिकने बूट काढला, मोजा काढला. टाचेच्या पुढे कातडी पांढरी पडून उचलली गेली होती. त्याने बादलीतलं गार पाणी तांब्याने ओतायला सुरुवात केली. भावोजी ते दुसऱ्याच कोणाच्या पायावर पडत असल्यासारखं बघत होते.

"भावोजी," मेकॅनिक खाली मान घालूनच म्हणाला, "सकाळी मी गाडी डोंगरावर नेली होती. तीच वळणं, तोच वेग. नाही घसरत ती. गोचिडीसारखी धरून असते. तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर किती पडतोय, ते तुम्हालाच..."

"माहीत आहे."

तांब्या थांबला.

"डॉक्टरांकडे जाऊन आलो. पायाच्या नसा सुकत चालल्यात म्हणाले."

"कधी गेला होतात?" ताईने विचारलं.

"झाला महिना."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगून काय, दोघांनी मिळून वाट बघायची?"

"कसली वाट?"

"दुसऱ्या पायाची."

ताई परत स्टुलावर जाऊन बसली. बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं, पंक्चर काढायला आलेलं असावं. कोणी उठलं नाही. थोड्या वेळाने ते निघून गेलं.

"डॉक्टरांकडे असं नसतं रे," भावोजी टेबलाकडे बघत म्हणाले. "असे दोन जोड मांडून कोणी विचारत नाही, हा बसवू की तो." त्यांनी लाल आर्म मेकॅनिकच्या मांडीवर ठेवला. "हे बसव."

"भावोजी, कशाला आता?"

"बसव म्हणतो ना. काहीतरी दुरुस्त होऊ दे."

मेकॅनिकने ताईकडे बघितलं. तिने मान हलवली. हो की नाही ते त्याला कळलं नाही. त्याने आधी पायाला मलम लावून पट्टी बांधली, मग गाडीखाली जॅक सरकवला.

काम संपेपर्यंत ऊन उतरलं. पाना मागितला की भावोजी खुर्चीतूनच अचूक आकाराचा काढून देत होते आणि नट किती आवळायचा ते सांगत होते. मेकॅनिकला ते आधीच ठाऊक होतं, तरी तो दर वेळी "बरं" म्हणत होता.

गॅरेजमधून रस्त्यावर जायला खडीचा चढ होता. गाड्या धुतल्याचं पाणी त्यावरून वाहून शेवाळ धरलं होतं. भावोजींनी किल्ली खिशातून काढली, तळहातावर धरली आणि बायकोपुढे केली.

"तू घे वर."

"मी?"

"मला चाकं बघायची आहेत."

ती बसली. सीट पुढे ओढायला तिला दोनदा झटका द्यावा लागला. इंजिन गुरगुरलं. भावोजी मेहुण्याच्या खांद्याला धरून लंगडत गाडीच्या मागे गेले आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकले.

गाडी चढाला लागली. मागची चाकं शेवाळावर आली, दबली, आणि खडीचा एक दाणाही न उडवता वर सरकली.

"धरलं!" भावोजी ओरडले. "बघितलंस? धरलं रे!"

गाडी रस्त्यावर चढली आणि वळून दिसेनाशी झाली. मेकॅनिकने त्यांना सरळ उभं करायला हात पुढे केला. ते तसेच वाकून, समोरच्या ओल्या, रिकाम्या चढाकडे बघत राहिले.