पाटीपेन्सिल पुन्हा अडली

पाटीपेन्सिल पुन्हा अडली होती. 'फाइल सापडत नाही,' एवढाच निरोप, आणि खाली लाल अक्षरांत एररची ही लांबलचक रांग. त्याने चहाचा कप बाजूला ठेवला आणि कपाळाला हात लावला.

पाटीपेन्सिल म्हणजे कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या प्रोग्रामच्या पानावर लोक अशीच नावं घेऊन येत. प्रोग्राम तसा साधा होता. माइकसमोर बोललं की आवाजाची रेघ पडद्यावर उमटे आणि आवाजाबरोबर वरखाली होई. त्याची बायको ऐकू न येणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायची. त्या मुलांना आपला आवाज निदान डोळ्यांनी दिसावा, म्हणून त्याने तो लिहिला होता. मग तो जगालाच फुकट देऊन टाकला, कोडसकट. कुणीही कोडच्या ओळी घ्याव्यात, त्यांतून आपल्या कंप्युटरवर चालता प्रोग्राम बांधावा, हवा तो बदल करावा आणि सगळ्यांसाठी परत पाठवावा.

बोलायला छान. प्रत्यक्षात परत काहीच येत नव्हतं. शाळाशाळांतून विंडोज, आणि विंडोजवर हा प्रोग्राम बांधताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येत. आधी हे बसवा, मग ते बसवा, मग त्या दोघांची ओळख करून द्या. नवखी माणसं झगडत झगडत शेवटी गुपचूप निघून जात. सगळा भार एकट्यावर, आणि आता तो थकला होता. ही पाटीपेन्सिलही गेली, तर विंडोजचा नाद सोडायचा, असं त्याने ठरवलं होतं. म्हणजे शाळांना पुढे नवं काही मिळणार नव्हतं. बायकोला त्याने तसं बोलूनही दाखवलं होतं.

तसा मदत करण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नसे. वडिलांचा फोन अडला, बहिणीचा प्रिंटर रुसला, की हा हजर. 'सरक जरा,' म्हणायचा, खुर्चीत बसायचा, आणि समोरच्याला काही कळायच्या आत काम फत्ते. वडील अजून एक फोटो पाठवायला त्यालाच बोलावत. मागे बायको म्हणाली होती, रेघ फार बारीक आहे, मागच्या बाकावरच्या मुलांना दिसत नाही. तेव्हाही त्याने तिला उठवलं आणि तिच्या लॅपटॉपवर रेघ जाड करून दिली. नवी आवृत्ती आली तशी रेघ पुन्हा बारीक झाली. हे त्याच्या गावीही नव्हतं.

पाटीपेन्सिललाही त्याने त्याच उत्साहाने लिहिलं, 'तुमचा कंप्युटर दुरून माझ्या ताब्यात द्या. पाच मिनिटांत बांधून देतो.'

उत्तर लगेच आलं. 'नको. मला स्वतः बांधायचा आहे.'

"बघ," तो स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाला. बायको तिथल्या टेबलावर लॅपटॉप उघडून शाळेचं काम करत बसली होती. "घरबसल्या मदत देतोय, तर म्हणे नको. आणि फाइली ठेवल्यात कुठे, तर फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर. एवढा लांब पत्ता विंडोजला झेपतो होय?"

"नीटनेटकी माणसंही असतात जगात," ती आतून म्हणाली. "सगळेच ओला टॉवेल पलंगावर टाकत नाहीत."

टोमणा बरोबर लागला. तो स्वतः सगळ्या फाइली फोल्डरात न घालता ड्राइव्हच्या दारातच टाकायचा, म्हणजे पत्ता आखूड. त्यामुळे त्याचं कधी अडलं नाही, आणि त्यामुळेच येईल त्या नवख्याला तो 'माझ्याकडे तर चालतं' असं ऐकवत आला होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली. मग तो कामाला लागला.

त्याने एक छोटी फाइल लिहिली. तिच्यावर क्लिक केलं की हवं-नको ते सगळं ती आपणच आणून बसवेल. मूळ फाइली कितीही आत दडलेल्या असोत, बांधणी ती आखूड पत्त्यावरच करेल. अडलंच कुठे, तर काय अडलं ते साध्या शब्दांत सांगेल. ती पानावर चढवताना त्याने खाली लिहिलं, 'जमलं नाही तर मी आहेच.' ते वाचलं आणि खोडून टाकलं.

जेवणं झाली. भांडीही घासून झाली. निरोप नव्हता. गेली बहुतेक, असं त्याला वाटलं. तो परत येऊन पडद्यासमोर बसला, उगाच माइकची वायर सरळ करत राहिला. बऱ्याच वेळाने दोन शब्द आले, 'बांधला. चालतोय.'

तो इतका खूश झाला की त्याने बसल्या बसल्या खुर्चीची गिरकी घेतली. तेवढ्यात पाटीपेन्सिलचा पहिला बदलही आला. कोडची एकच ओळ होती. त्याने ती घातली, प्रोग्राम चालवला आणि माइकसमोर 'आ' म्हटलं. पडद्यावर रेघ उमटली. चांगली जाडजूड, खोलीच्या पार टोकावरून दिसेल अशी.

तो त्या रेघेकडे बघत राहिला. मग उठून स्वयंपाकघरात गेला. बायकोच्या लॅपटॉपवर तीच जाड रेघ होती, आणि बायकोच्या हसण्याबरोबर वरखाली होत होती.

"अगं, मी शेजारच्या खोलीत तर होतो," तो म्हणाला. "मला का नाही विचारलंस?" आणि सवयीने त्याचा हात कीबोर्डकडे गेला.

तिने तो हात अलगद धरून बाजूला ठेवला.

"विचारलं असतं," ती म्हणाली, "तर तू म्हणाला असतास, सरक जरा."