सुतळीची अक्षरं

पाटीवरची अक्षरं राहीच्या डोळ्यांपुढं एका जागी थांबायची नाहीत, म्हणून मास्तरांनी तिला ढ ठरवून घरी धाडलं होतं. नगरच्या मिशनमधून येणाऱ्या दीनाबाईंनी पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून अक्षरं केली आणि तिला बोटांनी वाचायला शिकवलं. डोळे मिटून पोर धडाधड ओळखायला लागली. तेवढ्यात बहात्तरचा दुष्काळ पडला. त्या घरची चूल पेटेना, तेव्हा दीनाबाईंनीच कचेरीत खेपा घालून राहीच्या आईला खडी फोडायचं काम मिळवून दिलं. आईसोबत राहीही हातोडी घेऊन बसली. उन्हाळा सरताना दीनाबाई जुना पुठ्ठा घेऊन खडीच्या ढिगापाशी आल्या. “हे तुझं आवडतं अक्षर. वाच बरं.” राहीनं हात परकराला पुसले अन् डोळे मिटले. घट्टे पडलेलं बोट सुतळीवरून एकदा फिरलं, पुन्हा फिरलं. मग मिटल्या डोळ्यांनीच तिनं विचारलं, “बाई, सुतळी कुठं हाय?”