दोन मुठींची करवत

करवत तिसऱ्यांदा अडकली, तशी टोपीवाल्या पाहुण्याने बायकोकडे रागाने पाहिलं. ओंडक्याच्या पलीकडची मूठ तिच्या हातात होती, त्यामुळे दोष द्यायला लांब जावं लागलं नाही.

"दोघंही ढकलताय," म्हातारा लाकूडतोड्या न राहवून म्हणाला. "दोघांनी आळीपाळीने नुसती ओढायची. ढकलली की पातं वाकतं आणि खाचेतून उसळतं."

या डोंगरावरची तोड केव्हाच बंद झाली होती. जंगल राखीव झालं, लाकडाच्या वखारीचं संग्रहालय झालं आणि लोक तिकीट काढून उभी झाडं बघायला येऊ लागले. म्हाताऱ्याला त्याच्या मुलीने आणलं होतं. काकालाही, म्हणजे त्याच्या धाकट्या भावालाही आणलं होतं, गाडीत बसेपर्यंत दोघांना एकमेकांचा पत्ता लागू न देता. एके काळी या भावांच्या जोडीला तोड नव्हती. मग एकदा पातं उसळलं आणि थोरल्याची दोन बोटं गेली. धाकट्याने करवत ढकलली, असं थोरल्याने मुकादमाला सांगितलं. धाकट्याचं काम सुटलं. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता. आज गाडीतही एक जण डावीकडची झाडं बघत आला, दुसरा उजवीकडची.

"बाबा, तुम्हीच दाखवा ना," मुलगी म्हणाली. "काका, तुम्ही पलीकडे या बरं."

चारचौघांत नाही कसं म्हणणार? दोघांनी मुठी धरल्या.

करवत सरसर चालू लागली. आजूबाजूची बडबड थांबली. थोरल्याला फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. ओंडका निम्मा कापून झाला तेव्हा त्याला दम लागला होता. तेवढ्यात पातं वाकलं आणि खाचेतून उसळलं.

"पुन्हा ढकललीस!" असं ओरडायला थोरल्याने मान वर केली. धाकट्याने मूठ पातं वाकायच्या आधीच सोडली होती. त्याचे दोन्ही हात मोकळे होते.

थोरला आपल्या मनगटाकडे बघत राहिला.

"दमलो की मी ढकलतो?"

"पहिल्यापासून."

"मग मुकादमापुढे बोलला का नाहीस?"

धाकट्याने बाहीवरचा भुसा झटकला.

"बोटं तुझी गेली होती, दादा. चूकही तुझीच, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?"