खोलीत किती जण

पवनारच्या रस्त्यावर प्रेमदासची मोटारसायकल घसरली, तेव्हा त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. कवटी फुटली नाही. पण मेंदू आतल्या आत आपटला आणि रक्त साकळलं. ऑपरेशननंतर अकरा दिवसांनी, भर दुपारी, त्यानं दवाखान्यात डोळे उघडले.

त्याची बायको सरिता उशाशी स्टुलावर बसली होती. डॉक्टरांनी त्याला नाव विचारलं, गाव विचारलं. त्यानं बरोबर सांगितलं.

"खोलीत आपण किती जण आहोत?"

"चार."

होते तिघंच. "डोक्याला असा मार बसला की मोजदाद चुकते. येईल हळूहळू ताळ्यावर," असं म्हणून डॉक्टर बाहेर गेले.

सरितानं दार लोटलं. पलंगाखालीसुद्धा वाकून पाहिलं. मग उसनं हसू आणून विचारलं, "अवो, आता किती?"

"तिघं."

"तिसरं कोन?"

"म्हातारा. त्यालेच वाचवाले तर म्या गाडी वळवली."

सरिता पलंगाजवळ आली. मागून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरनं पोलिसांना सांगितलं होतं, रस्ता पार रिकामा होता म्हणून.

"इथं कोनी नाई जी," ती म्हणाली. "तुमाले भास होऊन राह्यला."

प्रेमदास तिच्याकडं पाहतच नव्हता. त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागं लागली होती. मोठ्या कष्टानं त्यानं दोन्ही पाय आवरून घेतले आणि पलंगावर जागा केली.

"किती येळ उभे राह्यसान, बाबाजी? बसा."

पायथ्याची गादी हळूहळू दबली.